पॅकेट ड्रायव्हर लोड होतो, पण पिंगला उत्तर नाही: दर शनिवारी हरवणारं जुनं लॅन कार्ड

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल. जुना पीसी, डॉस, आयएसए (जुन्या पद्धतीच्या) स्लॉटमध्ये एनई२००० जातीचं लॅन कार्ड. पॅकेट ड्रायव्हर, म्हणजे डॉसला लॅन कार्डाशी जोडून देणारा छोटा प्रोग्रॅम, काही तक्रार न करता लोड होतो, कार्डाचा मॅक पत्ता (कारखान्यातून मिळालेला ओळख क्रमांक) बरोबर दाखवतो, कार्डामागचा हिरवा दिवाही लागलेला असतो. आणि पिंग केलं, म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारून बघितली, की टाइमआउट, पुन्हा टाइमआउट. डीएचसीपीचं, म्हणजे आपोआप आयपी पत्ता मिळवण्याचं, तेच. तास-दोन तास खटपट केली की अचानक सगळं चालू होतं, दिवसभर सुरळीत चालतं. पुढच्या आठवड्यात मशीन सुरू केलं की पहिले पाढे पंचावन्न.

माझ्याकडे हे सलग सहा शनिवार झालं. कार्ड खराब नव्हतं, ड्रायव्हर खराब नव्हता, केबलही चांगली होती.

मशीन माझ्या मामांचं आहे. कराडला त्यांचा छोटा छापखाना होता. पेंटियम १३३, १६ एमबी रॅम, डॉस ६.२२ आणि एका आयएसए स्लॉटमध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की जिस्टचं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकनं ते वाढवलं. युनिकोड घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरं उमटायची ती या कार्डामुळे. मामा त्यावर लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, पतसंस्थांचे अहवाल जुळवायचे. माझा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय. १९९७ साली आजोबा बोलत गेले आणि मामा टाइप करत गेले, अशी त्यांच्या आठवणींची चौदा प्रकरणं त्या डिस्कवर आहेत. फ्लॉपींवरच्या प्रतींना केव्हाच बुरशी लागली.

हार्ड डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरला जोडता येते, हे खरं आहे. सगळ्यात आधी तेच करा आणि पूर्ण डिस्कची प्रत काढून ठेवा. मीही ती काढली. पण फाइल हाती आली म्हणजे मजकूर हाती आला असं होत नाही. ती इस्की, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या भारतीय लिपींच्या संकेतात आहे. तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करायचं, शंका आली की मूळ फाइल जिस्टच्या पडद्यावर उघडून अक्षर न् अक्षर ताडून बघायचं, सुधारायचं, परत पाठवायचं. यासाठी दर वेळी कॅबिनेट उघडून पंचवीस वर्षांपूर्वीची डिस्क काढणं म्हणजे ती हातानं मारणं. म्हणून नेटवर्क हवं होतं, आणि ते भरवशाचं हवं होतं.

लॅन कार्ड पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं. त्यावर रिअलटेकची आरटीएल ८०१९एएस चिप आहे. कार्डावर जंपर (सेटिंग बदलायच्या पिना) नाहीत. पत्ता आणि आयआरक्यू (कार्ड ज्या तारेवरून सीपीयूला हाक मारतं तिचा क्रमांक) कार्डावरच्या छोट्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, लिहिले जातात आणि ते लिहिण्यासाठी रिअलटेकचा आरसेट८०१९ नावाचा डॉस प्रोग्रॅम असतो. मी पत्ता हेक्स ३०० ठेवला, आयआरक्यू १० ठेवला. त्याच्या जोडीला 'क्रिनवर' नावाच्या ड्रायव्हर-संग्रहातला एनई२००० पॅकेट ड्रायव्हर आणि त्यावर एमटीसीपी, म्हणजे डॉससाठीच्या नेटवर्क प्रोग्रॅमांचा संच. डॉसवर टीसीपी/आयपी करायला आज याहून चांगलं काही नाही, असं माझं मत आहे.

ड्रायव्हर लोड झाला याचा अर्थ नेमका किती, हे आधी समजून घ्या. माझा निम्मा वेळ तिथेच वाया गेला. एनई२००० हे मुळात नोव्हेलचं कार्ड, नॅशनल सेमीकंडक्टरच्या डीपी८३९० चिपभोवती बांधलेलं. त्याची नक्कल असंख्य कंपन्यांनी केली, डी-लिंकचं डीई-२२० हेही त्याच कुळातलं. हे कार्ड सीपीयूशी ३२ आय/ओ पोर्टांमधून बोलतं. पत्ता ३०० असेल तर ३०० ते ३१एफ. मॅक पत्ता याच पोर्टांमधून वाचला जातो. पाठवायचं पॅकेटही याच पोर्टांमधून कार्डाच्या मेमरीत ढकललं जातं आणि कार्ड ते तारेवर सोडतं. इथपर्यंत आयआरक्यूची गरजच पडत नाही. म्हणून आयआरक्यू पार चुकलेला असला तरी ड्रायव्हर हसतमुखानं लोड होतो, मॅक पत्ता दाखवतो आणि पॅकेट बाहेर पाठवतोसुद्धा.

अडतं ते आत येणाऱ्या पॅकेटचं. आलेलं पॅकेट कार्ड स्वतःच्या १६ केबी मेमरीत ठेवतं आणि आयआरक्यूच्या तारेवरून सीपीयूला हाक मारतं. पोस्टमन पत्र पेटीत टाकून बेल वाजवतो तसं. बेलची तार शेजारच्या घरात गेली असेल तर पत्र पेटीत पडून राहणार आणि तुम्ही आत वाट बघत बसणार. पेटी भरली की पुढची पत्रं रस्त्यावर.

तुमच्याकडे हेच होतंय का, हे पाच मिनिटांत सिद्ध करता येतं. जुना पीसी आणि आजचा लॅपटॉप एकाच केबलनं थेट जोडा. गिगाबिट पोर्टला क्रॉसओव्हर केबल लागत नाही, साधी चालते. लॅपटॉपला हातानं १९२.१६८.७.१ द्या, जुन्या पीसीला एमटीसीपीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये १९२.१६८.७.२ द्या. लॅपटॉपवर वायरशार्क किंवा टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे प्रोग्रॅम) लावा आणि जुन्या पीसीवरून पिंग करा. लॅपटॉपवर एआरपीचा, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणारा, प्रश्न येताना दिसेल: १९२.१६८.७.१ कोण? लॅपटॉप लगेच उत्तर देईल. थोड्या वेळानं तोच प्रश्न पुन्हा, आणि पुन्हा. प्रश्न पोचतोय, उत्तर जातंय, पण विचारणाऱ्याला ऐकू येत नाहीये. हे चित्र दिसलं की केबल, स्विच, राउटर, आयपी पत्ते यांच्या मागे लागू नका. दहापैकी नऊ वेळा दोष आयआरक्यूचा असतो. लॅपटॉपवर काहीच उमटलं नाही तर मात्र कथा वेगळी आहे, त्याबद्दल पुढे.

माझ्या बाबतीत हे चित्र दर शनिवारी सकाळी दिसायचं. मग मी काय करायचो? कार्ड काढून स्लॉट साफ करायचो, कॉन्टॅक्टवर खोडरबर फिरवायचो, केबल बदलायचो, आरसेट८०१९नं कार्ड पुन्हा लिहायचो, बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या) सेटअपमध्ये जाऊन सगळं एकदा नीट भरायचो, ड्रायव्हरची दुसरी आवृत्ती लावायचो. कधीतरी ते चालू व्हायचं आणि श्रेय शेवटी केलेल्या गोष्टीला जायचं. एका शनिवारी ते खोडरबरला गेलं, पुढच्या शनिवारी नव्या केबलला. बायोसमधली आयआरक्यूची नोंद मूळ पदावर गेलेली दिसायची, तेव्हा वाटायचं की मागच्या वेळी सेव्ह करायचं राहिलं असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, हे पहिल्या दिवशी केलं असतं तर पाच शनिवार वाचले असते.

वही चौथ्या आठवड्यात सुरू केली. तिच्यात एक गोष्ट दिसली: त्याच दिवशी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं तर नेटवर्क टिकतं. रात्रभर बंद ठेवलं तरी बहुधा टिकतं. आठवडाभर बंद राहिलं की हमखास जातं. गंज, सैल कॉन्टॅक्ट, तापलेली चिप, यांपैकी कुठलाच दोष असा घड्याळ लावून वागत नाही.

सहाव्या शनिवारी डीआयआर केलं आणि नजर तारखांवर गेली. ऑटोएक्झेक फाइलच्या जुन्या प्रती मी निरनिराळ्या नावांनी ठेवत होतो. ज्या सत्रात नेटवर्क चाललं होतं तेव्हाच्या प्रतींवर बरोबर तारीख होती. जेव्हा चाललं नव्हतं, तेव्हाच्या सगळ्या प्रतींवर १ जानेवारी १९८०. डॉसला घड्याळातून धड तारीख मिळाली नाही की तो याच दिवशी जाऊन बसतो.

मामांना फोन लावला.

"मामा, तुम्ही मशीन देताना म्हणाला होता ना, सुरू करताना एफ-१ दाबायचं. ते कधीपासून दाबायला लागतं?"

"अरे, फार वर्षं झाली. सुट्टीनंतर उघडलं की हटकून. आणि तारीख घालायला विसरू नकोस हां, नाहीतर पावत्यांवर भलतीच तारीख येते."

त्यांनी सांगितलं म्हणून मी सहा आठवडे एफ-१ दाबत होतो. त्याच्या वरची ओळ एकदाही वाचली नव्हती. ती ओळ होती सीमॉस (बायोसची सेटिंग बॅटरीवर जपणारी मेमरी) चेकसम चुकल्याची आणि मूळ सेटिंग भरल्याची. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी काढून मल्टिमीटर लावला: १.९ व्होल्ट. नवीन असते तेव्हा ३ व्होल्टांच्या थोडी वरच असते.

आता बॅटरीचा आणि लॅन कार्डाचा संबंध काय? कार्डाची सेटिंग तर कार्डावरच्या ईईप्रॉममध्ये असतात, त्यांना बॅटरी लागत नाही. म्हणूनच संशय तिकडे गेला नाही. खरी गोम पीसीआयमध्ये, म्हणजे आयएसएनंतर आलेल्या स्लॉटांच्या पद्धतीत आहे. पेंटियमच्या काळातल्या बोर्डांवर आयएसए आणि पीसीआय असे दोन्ही स्लॉट असतात. सुरू होताना बायोस पीसीआय कार्डांना आयआरक्यू वाटतो. जंपर नसलेलं पण प्लग-अँड-प्लेही (आपली ओळख आपणच सांगणारं) नसलेलं आयएसए कार्ड बायोसला दिसतच नाही. ते आयआरक्यू १० वापरतंय हे बायोसला कळायचं एकच साधन, ते म्हणजे सेटअपमध्ये आपण हातानं केलेली नोंद. माझ्या अवॉर्ड बायोसमध्ये ती पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशनच्या पानावर आहे. तिथे रिसोर्सेस कंट्रोल्ड बाय याच्यापुढे ऑटोऐवजी मॅन्युअल करायचं, मग खाली आयआरक्यूंची यादी उघडते, तीत १० च्या पुढे लेगसी आयएसए निवडायचं. बॅटरी मेली की ही नोंद पुसली जाते, पान पुन्हा ऑटोवर येतं आणि बायोस १० क्रमांक रिकामा समजून पीसीआय ग्राफिक्स कार्डाला देऊन टाकतो. आयएसएची हाक ही क्षणभराच्या टिचकीसारखी असते, पीसीआयची हाक ऐकणारा येईपर्यंत दाबून धरलेल्या बटणासारखी. एकदा ती तार पीसीआयच्या रीतीवर गेली की आयएसए कार्डाला ती वापरता येत नाही.

बाकी मशीन मात्र बिनतक्रार चालत राहतं. हार्ड डिस्क या बायोसला आपोआप ओळखता येते, त्यामुळे डॉस सुरू होतो. जुन्या ४८६ बोर्डांवर सीमॉस पुसलं की डिस्कचा प्रकारच हरवतो, मशीन सुरूच होत नाही आणि बॅटरीचा दोष तिथल्या तिथे उघडा पडतो. माझ्याकडे बोर्डाच्या शहाणपणामुळेच तो लपून राहिला.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर डॉस सुरू होण्याच्या आधी बायोस एक तक्ता झरकन दाखवून जातो, त्यात पीसीआय उपकरणांची यादी आणि शेवटच्या रकान्यात आयआरक्यू असतो. तक्ता दिसताच पॉज की दाबा. बिघडलेल्या शनिवारी माझ्याकडे डिस्प्लेच्या ओळीत १० होता, बायोस नीट भरल्यावर ११. एमएसडीवर (मशीनची माहिती दाखवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रोग्रॅमवर) मात्र विसंबू नका. तो पीसीआयच्या आधीच्या जगातला प्रोग्रॅम आहे. त्यानं एखादा आयआरक्यू रिकामा सांगितला म्हणून तो रिकामा असेलच असं नाही.

उपाय असा केला. मशीन बंद, मुख्य वायर भिंतीतून बाहेर. बॅटरी बदलली, अधिक चिन्हाची बाजू वर. सुरू करून थेट सेटअपमध्ये: आधी तारीख-वेळ, मग पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड यापुढे नो, कारण डॉस प्लग-अँड-प्ले जाणत नाही. मग मॅन्युअल, मग आयआरक्यू १० लेगसी आयएसएला. सेव्ह करून बाहेर. त्यानंतर एफ५ दाबून डॉस कोरा सुरू केला, म्हणजे पॅकेट ड्रायव्हर लोड होत नाही, आणि आरसेट८०१९ची चाचणी चालवली. ड्रायव्हर लोड असताना ही चाचणी चालवू नका. दोघं एकाच कार्डाला हात घालतात आणि निकाल खोटा येतो. कार्डाची सेटिंग बदलली असतील तर मशीन पूर्ण बंद करून सुरू करा, कारण कार्ड ईईप्रॉम वाचतं ते रीसेटच्या वेळी. शेवटी एका जाड कागदावर हे सगळे आकडे लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले. ही बॅटरीही कधीतरी जाणार आहे.

तुमच्या बोर्डावर सीआर२०३२ नसेल तर थोडं थांबा. काही बोर्डांवर डॅलसची डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७ असा काळा ठोकळा असतो. घड्याळ आणि बॅटरी दोन्ही त्यातच सीलबंद. सॉकेटमध्ये असेल तर नवा ठोकळा बसवता येतो. थेट सोल्डर केलेला असेल तर डीसोल्डरिंग येणाऱ्या माणसाकडेच जा. आणि ३८६-४८६च्या बोर्डांवर निळी किंवा हिरवी, पिंपाच्या आकाराची, रिचार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती दिसली तर हे वाचायचं सोडून आधी ती कापून काढा, मशीन चालत असलं तरी. तिच्यातून झिरपणारं रसायन तांब्याच्या रेषा खातं आणि बहुतेक वेळा बॅटरी कीबोर्डच्या सॉकेटजवळ, म्हणजे आयएसए स्लॉटांच्याही शेजारी असते. झिरपलेलं अल्कली असतं, म्हणून कापसाच्या बोळ्यानं थोडा व्हिनेगर लावून ते मारायचं, मग डिस्टिल्ड पाण्यानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळवायचं. अशा बोर्डांवर बहुधा बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा हेडर असतो. मात्र तिथे साधी बॅटरी जोडताना ती चार्ज होणार नाही याची जंपरनं किंवा डायोडनं खात्री करा.

बॅटरी ठणठणीत असूनही पॅकेट जातं पण येत नाही, असं असेल तर आणखी तीन ठिकाणं बघा.

पहिलं, ड्रायव्हरच्या ओळीतले आकडे. क्रिनवरच्या ड्रायव्हरांना तीन आकडे द्यावे लागतात: सॉफ्टवेअर इंटरप्ट, आयआरक्यू आणि पोर्टचा पत्ता. आकड्याआधी शून्य-एक्स लावलं तर तो हेक्स, नाहीतर दशमान. पत्ता नुसता ३०० लिहिला तर ड्रायव्हर तो हेक्स १२सी समजतो. उलट आयआरक्यू १०च्या आधी सवयीनं शून्य-एक्स लावलं तर तो १६ होतो आणि १६ नावाचा आयआरक्यू या मशीनमध्ये नाहीच. सरावलेली माणसंही इथे चुकतात.

दुसरं, आयआरक्यू ३. पुष्कळ कार्डं कारखान्यातून ३००, ३ अशीच यायची आणि ३ हा कॉम२चाही, म्हणजे दुसऱ्या सिरियल पोर्टचाही, आयआरक्यू. कॉम२ कुणी वापरत नसेल तर सिरियल पोर्ट ती तार सोडून बसतो आणि कार्ड मजेत चालतं. मग एक दिवस माउस ड्रायव्हर लोड होतो, माउस शोधताना कॉम२ उघडून बघतो, आणि त्या क्षणापासून नेटवर्क बंद. नेटवर्क आधी चालतं आणि माउसनंतर मरतं, असं असेल तर बायोसमध्ये कॉम२ डिसेबल करा किंवा कार्ड ५ वर न्या, साउंड ब्लास्टर तिथे बसलेलं नसेल तर. एक्सटीच्या ८ बिटी स्लॉटला ७ च्या वरचे आयआरक्यू मिळतच नाहीत, तिथे निवड याच थोड्या आकड्यांत करावी लागते.

तिसरं, डुप्लेक्स, म्हणजे आयआरक्यूचा दोष नसताना तसाच भास. आरटीएल ८०१९एएसला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) येतं आणि आरसेट८०१९मध्ये ते चालू करता येतं. करू नका. हे कार्ड समोरच्या स्विचशी वाटाघाटी करत नाही, त्यामुळे स्विच त्याला १० एमबीपीएस हाफ डुप्लेक्स धरतो. एक बाजू हाफ, दुसरी फुल: पिंग चालतं, पण मोठी फाइल पाठवायला घेतली की टक्कर, पुनःप्रेषण आणि रडतखडत चालणारं ट्रान्सफर.

आता लॅपटॉपवर काहीच न दिसण्याची कथा. मॅक पत्ता सगळा एफएफ-एफएफ असा दिसला तर त्या पोर्टवर कार्डच नाही. एकतर पत्ता चुकला आहे, किंवा कार्ड प्लग-अँड-प्लेच्या रीतीत आहे आणि डॉसमध्ये त्याला कुणी जागं केलेलं नाही. आरसेट८०१९मधून ते जंपरलेस करा. ३कॉमच्या ३सी५०९बी कार्डालाही त्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधून प्लग-अँड-प्ले बंद करता येतं. पत्ता निवडताना ३६० टाळा. कार्ड ३२ पोर्ट व्यापतं, म्हणजे ३६० ते ३७एफ, आणि ३७८ला प्रिंटर पोर्ट बसलेला असतो. मामांच्या मशीनवर प्रिंटर म्हणजे पोटापाण्याचा भाग होता, म्हणून हे माझ्या चांगलं लक्षात आहे.

डब्ल्यूडी८००३ किंवा ३सी५०३ यांसारखी कार्डं पोर्टांऐवजी सामायिक मेमरी वापरतात. तिथे ईएमएम३८६नं (डॉसच्या मेमरी मॅनेजरनं) तीच जागा घेतली की कचरा वाचला जातो; कार्डाची मेमरी डी००० पासून १६ केबी असेल तर ईएमएम३८६च्या ओळीत डी०००-डी३एफएफ वगळायला सांगा. एनई२०००ला याची गरज नाही.

कार्डाचा दिवाच लागत नसेल तर आधी स्विच बघा. अलीकडच्या काही मल्टिगिग स्विचांना १० एमबीपीएस येतच नाही. मधे एखादा जुना १०/१०० स्विच टाकला की काम होतं. माझ्याकडे तो कायमचा मधे आहे. कार्डाला बीएनसी (गोल, जाड वायरीचं) आणि आरजे४५ (आजच्या लॅन केबलचं) अशी दोन्ही तोंडं असतील तर सेटअप प्रोग्रॅममध्ये माध्यम कुठलं निवडलंय तेही पाहा. ऑटोवर भरवसा ठेवण्यापेक्षा थेट १०बेस-टी (म्हणजे आरजे४५) निवडलेलं बरं.

फक्त बीएनसी असलेलं कार्ड मिळालं असेल तर एक इशारा देतो, कारण आपल्याकडे ही चूक अगदी सहज होते. घरात पडलेली टीव्हीच्या केबलवाल्याची वायर वापरू नका. ती ७५ ओहमची असते आणि १०बेस-२ला (बीएनसीवरच्या नेटवर्कला) आरजी-५८, म्हणजे ५० ओहमची वायर लागते. दिसायला दोन्ही सारख्या, पण चुकीच्या वायरवर सिग्नल उलटा परततो आणि कार्डाला ती टक्कर वाटते. वायरीच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर हवेत, कार्डाला थेट वायर न लावता टी कनेक्टरच हवा, आणि दोन टींमध्ये निदान अर्धा मीटर अंतर हवं. सगळं जोडून, मशीन बंद ठेवून, एका टीच्या मोकळ्या तोंडावर मल्टिमीटर लावा. साधारण २५ ओहम आले तर दोन्ही टर्मिनेटर शाबूत. ५० आले तर एक बाजू तुटलेली आहे.

नेटवर्क टिकल्यावर फाइली न्यायच्या कशा, हेही सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉस क्लायंटनं विंडोजचं शेअर उघडायचा हट्ट धरू नका. त्याला लागणारा एसएमबीचा (विंडोजच्या फाइल शेअर करायच्या भाषेचा) पहिला अवतार विंडोज १० मध्ये २०१७पासून मुळात बसवलेलाच नसतो, आणि तो पुन्हा चालू करणं रोजच्या कामाच्या मशीनसाठी धोक्याचं आहे. एमटीसीपीबरोबर एफटीपी सर्व्हर येतो. तो जुन्या पीसीवर चालवा आणि लॅपटॉपवरून फाइली ओढा. ट्रान्सफर बायनरीत असल्याची खात्री करा. इस्कीतली देवनागरी अक्षरं १६१ आणि त्यापुढच्या बाइटांत असतात आणि ॲस्की ट्रान्सफरनं त्यांना हात लावता कामा नये.

बॅटरी बदलल्याला आता अकरा शनिवार झाले. एफ-१ एकदाही दाबावं लागलं नाही. चौदा प्रकरणं लॅपटॉपवर आली, युनिकोडची देवनागरीची मांडणीच इस्कीवर आधारलेली असल्यानं रूपांतराचा तक्ताही एका संध्याकाळी झाला, आणि पहिलं प्रकरण मामांना पाठवलं. अर्ध्या तासात फोन आला.

"अरे, 'दुसऱ्या'चा रफार झालाय सगळीकडे. 'तऱ्हा'ही तशीच. मी असं जुळवलेलं नाही."

मूळ फाइल जिस्टच्या पडद्यावर उघडली. 'दुसऱ्या' तिथे बरोबर होतं, र अर्धा, मामांनी बसवला होता तसा. मग बाइट पाहिले: २०७, २३२, २३३. र, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि त्यानंतर नुक्ता (अक्षराखालचा ठिपका). इस्कीत हलन्तानंतर नुक्ता आला की अर्धं रूप टिकवायचं असतं आणि माझ्या तक्त्यानं तो नुक्ता गाळला होता. तक्ता सुधारला, चौदाही प्रकरणं पुन्हा फिरवली, आणि जिथे जिथे २३२नंतर २३३ आहे त्या सगळ्या जागा जिस्टच्या पडद्यावर एकेक करून ताडतोय. सध्या सहावं प्रकरण चालू आहे.